टॅबच्या बाहेर गेलेली ओळ

लिंबागणेश,
८ डिसेंबर २०२४

श्री. शिवलिंगअप्पा यांस गंगासागरचं शरणू शरणार्थ.

तुमची माझी वळख न्हाई. आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळानं जी वेबसाइट काढली हाय, तिच्यावर तुमच्या योगीराजचं पान पाहिलं आन् उमापूरचा पत्ता उतरून घेतला. मी इथं पिठाची गिरणी चालविते. माझी भाची शिवानी, म्हणजे धाकट्या भावाची, संगमेश्वरची लेक. तिची आई ती रांगत असतानाच गेली, तवापासून पोरगी माझ्यापाशीच वाढली. आता बीडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला हाय. तिथंच खोली करून राहती आन् शनिवारच्या गाडीनं घरी येती. दिसायला चारचौघींसारखी हाय, पण डोकं चालतं आन् तोंडही चालतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पान मी तिच्या जुन्या टॅबवर पाहिलं. लॉकडाऊनमध्ये तिच्या कॉलेजसाठी घेतलेला, तो बी दुसऱ्याचा वापरलेला. आता त्याचं वय झालं. वेबसाइट उघडली की मेनू का काय म्हणतात तो नावावर येऊन बसतो, फोटो वरखाली ताणतो, आन् बटण सापडंस्तोवर चहा निवून जातो. त्या फोटोत तुमचा मुलगा लई लांबोडा आन् सुकलेला दिसला. त्यात टॅबचा दोष किती आन् पोराचा किती हे मला कळंना. तब्येतीनं बरा हाय ना? पाइपा-मोटारीचं दुकान हाय आन् जळालेल्या मोटारी स्वतः भरतो असं वाचलं, ते मला आवडलं. हाताला काम असलेला माणूस घरात कटकट कमी करतो.

एक विनंती. फोन करू नका, पत्रच लिहा. आमचे वडील म्हणायचे, सोयरिकीचं बोलणं कागदावर असावं. उद्या कुणी शब्द फिरवायला नको.

गंगासागर

---

उमापूर, ता. गेवराई
१६ डिसेंबर २०२४

श्रीमती गंगासागरबाई यांना शिवलिंगचा शरणू शरणार्थ.

आपलं पत्र मिळालं. आता पत्र कोण लिहितं? पोष्टमन पाकीट देऊन दुकानात उभाच राहिला, त्यालाही नवल वाटलं. मी आधी एकट्यानं वाचलं, मग घरच्यांना वाचून दाखवलं. आमच्या घरच्यांनी डोळ्याला पदर लावला.

आधी तब्येतीचा खुलासा करतो. योगीराज सुकलेला मुळीच नाही. चांगला गोल आहे, त्याची आई त्याला अजून चपात्या मोजून देत नाही. फोटो तुमच्या टॅबनंच ताणला असणार. वय तीस. मोटारवाइंडिंगचं काम तो गेवराईला राहून शिकला. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून मोटारी येतात तेव्हा त्याला जेवायची फुरसत नसते. व्यसन नाही. बोलतो कमी, पण हसतो छान.

आता मनातलं लिहितो. ते पान आमच्या रुचिकानं, योगीराजच्या धाकट्या बहिणीनं भरलं. मी म्हणत होतो, ती एक गोष्ट भेटीत सांगू. ती म्हणाली, जे आहे ते उघड लिहायचं, अप्पा, आधी कळलेलं बरं. तिनं लिहिलं, आणि त्या एका ओळीपायी लोक माघारी फिरतात. काही जण फोन करतात, आडून आडून चौकशी करतात, 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. दोन वर्षं हेच चाललं आहे. यंदा जमलं नाही तर मला स्थळं दाखवू नका, असं त्यानं मला दिवाळीत सांगितलं, आणि तो बोललेलं फिरवत नाही.

तुमच्या पत्रात त्या गोष्टीबद्दल एक शब्दसुद्धा नाही. जणू काही ती मोजायची गोष्टच नाही. बाई, तुमचं मन मोठं आहे.

आपला,
शिवलिंग

---

लिंबागणेश,
२६ डिसेंबर २०२४

शिवलिंगअप्पा, शरणू शरणार्थ.

माझं मन काही मोठं-बिठं न्हाई. गावात विचारा, उधारीवाल्या बायका सांगतील.

तुमी ज्या गोष्टीचं लिहिता, ती आमच्या घरात नवी न्हाई. माझ्या भावाचं बी तेच हाय. त्याच्या सोयरिकीच्या वेळी बी लोकांनी नाकं मुरडलती. त्यानं तसाच संसार केला, पोरीला शिकवलं, कुणापुढं हात पसरला न्हाई. आजकाल लोकांना जावई दुकानातल्या कपड्यावानी पाहिजे, एक धागा इकडचा तिकडं झालेला चालत न्हाई. आमी गिरणीवाले. धान्य पारखून घेतो, पोतं बघून न्हाई. त्या गोष्टीपायी तुमी मान खाली घालायचं कारण न्हाई, आन् पोरानं तर मुळीच न्हाई. त्याला सांगा, गंगासागरनं सांगितलंय म्हणून.

शिवानीला मी नाव-गाव सांगितलं. पोरगी नेहमी स्थळ म्हणलं की ताट सरकवून उठती. ह्या बारीला उठली न्हाई. 'बघते' म्हणाली आन् भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना मला म्हणाली, आत्या, तू मला अजून कळली न्हाईस. कावून म्हणाली ते सांगितलं न्हाई. पोरगी खूश होती एवढं मात्र मला दिसलं.

आता माझं विचारते. ती नोकरी सोडणार न्हाई. चालंल का?

टॅब आता जास्तच बिघडलाय. काल नावांच्या जागी नुसते चौकोन आलते. गिरणीतल्या बायका म्हणतात फेकून दे. मी म्हणते, माणूस असं फेकतं का कुणी, मग टॅब कावून फेकायचा?

गंगासागर

---

उमापूर,
६ जानेवारी २०२५

गंगासागरताई, शरणू शरणार्थ.

'बाई' लिहायला हात उचलेना, म्हणून 'ताई' लिहिलं. राग मानू नये.

तुमचं पत्र योगीराजनं वाइंडिंगच्या टेबलावर बसून वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. मी परत मागितलं तर म्हणाला, राहू द्या माझ्यापाशी. तुमच्या बंधूंचंही तसंच आहे हे वाचून त्याला किती धीर आला ते मी सांगू शकत नाही. त्यांना कधी एकदा भेटतो असं त्याला झालं आहे.

शिवानीनं नोकरी अवश्य करावी. गेवराईत लॅब आहेत. दोघांनी तिथं खोली केली तरी आमची हरकत नाही, उमापूर काही लांब नाही.

आता पौष आहे, नवं बोलणं नको. पौष संपला की रविवार, ९ फेब्रुवारीला कपिलधारला भेटू. देवाचं दर्शन होईल आणि पाहण्याच्या कार्यक्रमाचा दबावही नको. पोरांनी मोकळं बोलावं. तुम्हाला लिंबागणेशाहून जवळ पडेल, आम्ही बीडवरून येऊ. घरच्यांनी आतापासूनच धपाट्यांचा बेत केला आहे.

आपला,
शिवलिंग

---

लिंबागणेश,
२० जानेवारी २०२५

शिवलिंगअप्पांना कळावं, की ९ तारखेचं येणं रद्द करावं.

काल टॅब घेऊन बीडला गेलते. बस स्टँडजवळ एक मोबाइल दुरुस्तीवाला हाय. त्यानं सांगितलं, टॅब जुना हाय, ह्याला नवीन अपडेट येत न्हाईत, म्हणून पानं मोडकीतोडकी दिसतात. मंडळाचीच वेबसाइट खराब हाय असं मी म्हणलं. तर त्यानं तेच पान त्याच्या मोठ्या स्क्रीनवर उघडून दाखवलं. तुमच्या पोराचं पान. फोटो सरळ होता, पोरगा खरंच गोल हाय. आन् उजवीकडं, जो भाग माझ्या टॅबच्या बाहेर पडतो, तिथं लिहिलेलं होतं, की लहानपणच्या तापानंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, कानाची मशीन वापरतो.

मी ती ओळ आजवर पाहिलीच नव्हती. उजवीकडं काहीतरी हाय एवढं कळायचं. मला वाटायचं तिथं शेती, घर, सोनं-नाणं लिहिलं असंल. मुलाचं आधी ते बघणं बरं दिसत न्हाई, म्हणून मी शिवानीला बी दुसऱ्या फोनवर उघडून दाखव म्हणलं न्हाई. तुमी 'ती एक गोष्ट' लिहिलं, तवा मला वाटलं नोकरी नसल्याचं बोलताय. आज दुकानदार पोराला कोण पोरगी देतं, हे सगळ्यांना ठावं हाय. माझ्या भावाचं बी दुकानच होतं. तेवढंच मी लिहिलं. माझा भाऊ ठणठणीत ऐकतो, त्याला मुंगीचं बी ऐकू येतं.

तुमी पत्रात एकदा तरी त्या गोष्टीचं नाव घ्यायचं होतं. एवढं गोड लिहून नाव तेवढं घेतलं न्हाई.

तुमच्या पोरात खोट हाय असं मी म्हणत न्हाई. पण माझ्या पोरीनं जन्मभर आणखी एकाचे कान व्हायचं, हे मला चालायचं न्हाई. कारण विचारू नका.

गंगासागर

---

उमापूर,
२७ जानेवारी २०२५

गंगासागरताई,

तुमचं पत्र वाचून दिवसभर दुकानात मन लागलं नाही. आम्ही लपवलं नव्हतं हो. पानावर लिहिलेलं होतं, म्हणून पत्रात पुन्हा लिहिलं नाही. खरं सांगायचं तर, हातानं लिहायला जीवही होत नव्हता. बाप आहे. तुम्ही ते वाचून आलात असं धरून चाललो, आणि तुमच्या दुसऱ्या पत्रानं तर मी हवेतच होतो. तुमची चूक नाही आणि आमचीही नाही. त्या टॅबला बोल लावून उपयोग नाही.

योगीराजला पत्र दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि हात पुढे केला. त्यानं वाचलं. मला वाटलं हा आता बसेल तोंड पाडून. तो जे म्हणाला ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितो, तुमचं मन वळवावं म्हणून नाही.

तो म्हणाला, "अप्पा, लोक ती ओळ आधी वाचतात आणि मग बाकीचं वाचतच नाहीत. ह्या बाईंनी माझं बाकीचं सगळं आधी वाचलं. वाचून त्यांना मी पसंत पडलो होतो."

मग त्यानं विचारलं, की टॅबवर ते पान नेमकं कसं दिसतं. उजवी बाजू बाहेर जाते तर सरकत का नाही, वगैरे. म्हणाला, गावागावांत असेच जुने टॅब आहेत, मंडळाला कळवलं पाहिजे. त्याला रागापेक्षा त्या बिघाडाचंच जास्त. असा आहे आमचा मुलगा.

दोन गोष्टी मात्र विचारतो, उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. डिसेंबरात मी एकदा न राहवून मंडळाकडून नंबर घेऊन तुम्हाला फोन केला होता. तुम्ही उचलला, 'दळण संध्याकाळी मिळंल' म्हणालात आणि ठेवून दिला. मी तीनदा नाव सांगितलं होतं. आणि ह्या पत्रात तुम्ही लिहिलं, 'आणखी एकाचे कान'. ताई, पहिले कुणाचे?

शिवलिंग

---

बीड,
२८ जानेवारी

आत्या,

रविवारी तू मला स्थळ मोडल्याचं सांगितलंस, मी बोलायला लागले आणि तू डोळे मिटून घेतलेस. लहानपणापासून तुझी ही सवय मला माहीत आहे. ओठ दिसले नाहीत की तुझ्यापुरतं बोलणं संपलं. शाळेच्या सहलीला जायचं म्हणाले तेव्हा मिटलेस, बीडला खोली करते म्हणाले तेव्हा मिटलेस. म्हणून हे लिहून पाठवते आहे. पत्रासमोर डोळे मिटून चालत नाही.

त्या ओळीची गोष्ट मला पहिल्याच रात्री कळली होती. तू नाव सांगितलंस आणि मी माझ्या फोनवर पान उघडलं. माझ्या फोनवर सगळं नीट दिसतं. मला वाटलं, तूही वाचलं आहेस. वाचूनसुद्धा तू माझ्यापुढं हे स्थळ ठेवलंस, तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला की मी गाडीत बसून रडले. आत्या म्हणते आहे की ऐकू कमी येणाऱ्या माणसाबरोबर चांगला संसार होतो, असं मी समजले. मला ते माहीतच आहे, मी तुझ्याबरोबर पंचवीस वर्षं केला.

तू म्हणालीस, मी जन्मभर दुसऱ्याचे कान व्हायला नको. मी कधी तुझे कान होते ग? गिरणीत तू मापं घ्यायचीस आणि मी बायका काय म्हणतात ते तुझ्याकडं तोंड करून सांगायची, त्याला तू ओझं म्हणतेस? मला त्यातूनच माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय लागली. लॅबमध्ये सगळे म्हणतात, म्हातारी माणसं शिवानीकडंच रक्त द्यायला येतात. ते का, ते तुला कळायला पाहिजे होतं.

लग्न करीन की नाही हे मला ठाऊक नाही, मी त्यांना अजून पाहिलेलं नाही. नाही म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन. तू त्यांच्या कानाला नाही म्हणालीस, आणि मला ते तुझ्या कानाला म्हटल्यासारखं लागलं.

शनिवारी येते. शेंगदाण्याची चटणी कर.

शिवानी

---

लिंबागणेश,
३१ जानेवारी २०२५

शिवलिंगअप्पा,

पहिले माझेच.

गिरणीच्या आवाजानं माझे कान गेले. एकदम न्हाई, हळूहळू. आता समोरच्याचं तोंड दिसलं तर सगळं कळतं, पाठ फिरली की काही न्हाई. फोनमध्ये तोंड दिसत न्हाई, म्हणून मी सगळ्यांना दळण संध्याकाळी मिळंल म्हणून सांगते. निम्म्या वेळा ते खरं निघतं. वडिलांचं ते कागदावर बोलायचं मी तुम्हाला उगंच सांगितलं. ते बिचारे असं कधी बोलले न्हाईत.

गावात सगळ्यांना माहीत हाय. पण नवीन माणसाला मी सांगत न्हाई. सांगितलं की लोक ओरडायला लागतात, न्हाईतर माझ्याशी बोलायचं सोडून शेजारच्याशी बोलतात. तुमच्या पोराला हे ठावं असंल. मला ते इतकं ठावं हाय, की त्याच्या जागी मला मीच दिसले आन् शिवानीच्या जागी तिचं बाळपण दिसलं, माझ्या पुढं उभं राहून सगळ्यांचं बोलणं मला सांगणारं. म्हणून घाबरले. पोरीनं पत्रातून माझी चांगली कानउघाडणी केली. एवढं स्वच्छ मी लई दिवसांत ऐकलं नव्हतं.

९ तारखेला या. पोरं काय ठरवायचं ते ठरवतील, आपण धपाटे खाऊ. टॅब घेऊन येते, योगीराजला बघायचा हाय ना.

गंगासागर

---

उमापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

गंगासागरताई, शरणू शरणार्थ.

घरी सुखरूप पोचलो. धपाट्यांचा डबा तुमच्याकडंच राहिला, तो मुद्दाम ठेवला आहे असं आमच्या घरच्या सांगतात, म्हणजे न्यायला जाता येईल.

रविवारचं तुम्ही पाहिलंच, पण मी काय पाहिलं ते लिहितो. आपण झाडाखाली बसलो आणि देवळावरचा भोंगा सुरू झाला. काय तो आवाज! मला काही ऐकू येईना, संगमेश्वररावांना येईना, रुचिका कानावर हात ठेवून बसली. आम्ही आपले एकमेकांना 'काय? काय?' करत होतो. आणि तुम्ही तिघं, तुम्ही, शिवानी आणि आमचा योगीराज, निवांत गप्पा मारत होता. कोण काय म्हणतं ते तुम्हाला बरोबर कळत होतं, तुम्ही हसतसुद्धा होता. आम्ही चांगल्या कानांचे लोक ठार बहिरे होऊन तुमच्या तोंडाकडं बघत होतो. ताई, माझ्या मुलाला कळतंय आणि मला कळत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आणखी एक. शिवानी आली तेव्हा योगीराजचं तोंड उन्हाकडं होतं. तिनं आल्या आल्या त्याला उठवून दुसरीकडं बसवलं आणि स्वतः उन्हात बसली, म्हणजे तिचं तोंड त्याला नीट दिसावं. कुणी सांगितलं नव्हतं. आवाज चढवला नाही. त्याचं लक्ष नव्हतं तेव्हा चौथऱ्यावर दोन बोटं वाजवली. हे आम्हाला शिकायला कितीतरी वर्षं लागली. आमच्या घरच्या तेव्हा पाणी आणायला म्हणून उठून गेल्या, ते पाणी आणायला नव्हतं.

आणि त्याच्या आईनं अजून एक धपाटं घे म्हणून धोशा लावला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. तुम्ही दोघी त्याला एवढ्या का हसलात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्या टॅबचे त्यानं फोटो काढून मंडळाच्या लोकांना पाठवले आहेत. वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला फोन करून काय बोलायचं ते रुचिकाला शिकवलं आणि तिच्या तोंडून बोलला.

आमच्याकडून पसंती आहे. योगीराजला विचारलं तर म्हणाला, त्यांनी आधी सांगावं. तुमच्या उत्तराची वाट पाहतो. ह्या वेळी पोष्टमनलाही घाई झाली आहे.

आपला,
शिवलिंग

---

लिंबागणेश,
३ मार्च २०२५

शिवलिंगअप्पा, शरणू शरणार्थ.

उत्तराला उशीर झाला, कारण पोरीनं लवकर सांगितलं न्हाई. तिनं त्याला आणखी दोनदा भेटायचं म्हणलं. एकदा बीडला भेटली, आन् एकदा महाशिवरात्रीनंतर तो इथं आला, डबा न्यायचं निमित्त करून. डबा विसरून गेला.

मला त्याची परीक्षा घ्यायची होती, खोटं कावून बोलू. गिरणी चालू ठेवली आन् त्याला आत बोलावलं. त्यानं आधी कानाची मशीन काढून खिशात ठेवली. मी म्हणलं, हे बरं, मला माझे कान काढून ठेवता येत असते तर आज शाबूत असते. मग त्यानं मोटारीवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला आन् पट्टा काढायला लावला. बेअरिंग जायला आलीय म्हणाला. दुपारपर्यंत बदलून बी दिली. पैशाचं विचारलं तर डोळे मिटून घेतले. अप्पा, तुमाला कुणी सांगितलं न्हाई म्हणता ना? आमच्या घरात ती माझी खोड हाय. आता ह्या घरात माझ्यावर तोच डाव खेळणारा आला म्हणायचं.

संध्याकाळी शिवानी भाकरी करत होती. मी समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. मग तिनं तवा उतरवला, माझ्याकडं तोंड केलं आन् म्हणाली, "आत्या, मला हा माणूस पाहिजे."

मी पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून न्हाई.

तर आमच्याकडून बी पसंती हाय. वैशाखातली तारीख तुमी काढा.

टॅबचं सांगायचं राहिलं. मंडळाच्या वेबसाइटवर आता पानाच्या दोन बाजू राहिल्या न्हाईत, सगळ्या ओळी एकाखाली एक येतात. माझ्या टॅबवर बी शेवटपर्यंत दिसतं. फोटो अजून थोडे ताणतात, पण लोकांना आपले जावई उंच वाटले तर माझं काय जातंय? तुमच्या पोराचं पान शोधलं तर सापडलं न्हाई. रुचिकानं काढून टाकलं म्हणं. आम्ही होकार कळवायच्या आधीच! पोरगी हुशार हाय तुमची.

तुमी तिच्याकडून शिवानीला विचारलं होतं, की जमलंच तर लग्नात वाजंत्री ठेवायची का, आत्याबाई आन् नवरदेव दोघांना ती ऐकू यायची न्हाई. उलट तेच पाहिजे अप्पा. बँड नको, हलगी सांगा. चांगली मोठी सांगा. ती आमा दोघांना तळपायातून ऐकू येती.

तुमची विहीणबाई,
गंगासागर